जे शोधकाला दिसतच नाही, ते टकरींतून कसे शोधायचे? कृष्णद्रव्याविषयी एक विचारणा

विज्ञान शिक्षिका, सावदा (विचारणा)

नमस्कार. फेब्रुवारीच्या अखेरीस आमच्या शाळेतील नववीच्या मुलांना घेऊन आम्ही तोरणमाळला दोन रात्री मुक्काम केला. पहाटे साडेचारच्या सुमारास यशवंत तलावाच्या काठी उभे राहिल्यावर आग्नेयेकडे वृश्चिक आणि धनू राशींमधून वर चढणारा आकाशगंगेचा पट्टा इतका स्पष्ट दिसत होता, की रस्त्यावरच्या दिव्यांच्या उजेडात वाढलेली आमची मुले काही वेळ बोललीच नाहीत. मी त्यांना सांगितले, की हे जे तारे आणि वायूचे ढग दिसत आहेत तो आकाशगंगेच्या वस्तुमानाचा लहानसा भाग आहे. उरलेले वस्तुमान प्रकाश देतही नाही आणि अडवतही नाही, त्यालाच कृष्णद्रव्य किंवा डार्क मॅटर म्हणतात. फ्रिट्झ झ्विकी यांनी 1933 साली कोमा समूहातील दीर्घिकांच्या वेगांवरून, आणि पुढे व्हेरा रूबिन व केंट फोर्ड यांनी 1970 साली देवयानी दीर्घिकेच्या कडेकडील भागांच्या वेगांवरून, दिसणारे वस्तुमान त्या वेगांना पुरत नाही हे कसे दाखवले, तेही जमेल तसे समजावले.

तेव्हा एका मुलीने विचारले, "मॅडम, मग ते यंत्रात तयार करून का बघत नाहीत?" जिनिव्हाजवळच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये तसा प्रयत्न चालू आहे एवढे मी सांगू शकले, पण पुढचे सांगताना मीच अडखळले. जो कण कोणत्याही उपकरणाशी जवळजवळ काहीच देवघेव करत नाही, तो तयार झाला तरी शोधकातून न दिसता निघून जाणार. मग तो तयार झाला होता हे कशावरून म्हणायचे? शिवाय हे यंत्र 2010 पासून टकरींची नोंद घेत आहे आणि अजून कृष्णद्रव्याचा कण सापडल्याची बातमी नाही, तर इतक्या वर्षांच्या कामातून काही कळले की नाही? मुलांना मी चुकीचे काही सांगू इच्छित नाही. कृपया कोणी सविस्तर समजावून सांगेल का?

भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, धुळे

ताई, तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न साधा वाटला तरी तो या विषयाच्या मुळाशी जाणारा आहे, म्हणून यंत्रात असे काही तयार होईल अशी अपेक्षाच का बाळगली जाते, तेथून सुरुवात करतो.

आरंभीच्या अतितप्त विश्वात साध्या कणांच्या टकरींतून कृष्णद्रव्याचे कण निर्माण होत होते, आणि तेही एकमेकांवर आदळून पुन्हा साध्या कणांत रूपांतरित होत होते, असे क्षणभर धरू या. विश्व प्रसरण पावत आणि थंड होत गेले, तसे हे कण विरळ झाले, एका टप्प्यावर ते एकमेकांना भेटेनासे झाले आणि त्यांची जी शिल्लक उरली ती कायमची ठरली. ही शिल्लक आज मोजल्या गेलेल्या कृष्णद्रव्याइतकी, म्हणजे साध्या द्रव्याच्या पाचपटींहून थोडी अधिक यायची असेल, तर त्या कणांची परस्परक्रिया किती प्रबळ असली पाहिजे याचे गणित मांडता येते. त्या गणिताचे उत्तर किरणोत्सर्गात दिसणाऱ्या क्षीण बलाच्या जवळपास येते, आणि कणाचे वस्तुमान प्रोटॉनच्या काही पटींपासून काही हजार पटींपर्यंत असले तरी ते जुळते. क्षीण बलाची ही पातळी वेगळ्या कारणांनी आपल्याला आधीपासून ठाऊक होती. ती येथे पुन्हा भेटावी हा योगायोग अनेकांना इतका बोलका वाटला, की गेल्या तीस-चाळीस वर्षांतील शोधाचा मोठा भाग त्यावरच उभा राहिला. साधे द्रव्य आदळवून एकेकाळी हे कण होत असतील, तर तेवढी ऊर्जा पुन्हा एका बिंदूवर आणल्यास आजही झाले पाहिजेत, एवढाच यातला तर्क आहे.

ती ऊर्जा आणण्याचे काम हे यंत्र करते. जमिनीखाली सुमारे 100 मीटर खोलीवर, स्वित्झर्लंड आणि फ्रान्सच्या सीमेखालून गेलेल्या 27 किलोमीटर घेराच्या बोगद्यात प्रोटॉनचे दोन झोत विरुद्ध दिशांनी फिरवले जातात. त्यांना वळवत ठेवण्यासाठी 1,232 मुख्य अतिसंवाहक चुंबक आहेत आणि ते उणे 271 अंश सेल्सिअसला, म्हणजे 1.9 केल्विनला ठेवावे लागतात. प्रोटॉनचे गट दर 25 नॅनोसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला चार कोटी वेळा, समोरासमोर येतात. 2015 ते 2018 या काळात टकरीची ऊर्जा 13 टेरा-इलेक्ट्रॉनव्होल्ट (कणांची ऊर्जा आणि वस्तुमान मोजण्याचे एकक) होती, 2022 पासून ती 13.6 आहे.

टकरीच्या बिंदूभोवती शोधकाचे थर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकावर एक असतात. सर्वांत आत विद्युतभारित कणांचा मार्ग टिपणारा भाग, त्याबाहेर इलेक्ट्रॉन आणि प्रकाशकण शोषून त्यांची ऊर्जा मोजणारा भाग, त्याबाहेर प्रोटॉन-न्यूट्रॉनसारखे जड कण शोषणारा भाग, आणि सर्वांत बाहेर म्यूऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनसारखेच पण जड कण, टिपणारी दालने. कृष्णद्रव्याचा कण या सर्व थरांतून काहीच न सोडता जाईल, हे तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. पण टकरीआधीची एकूण ऊर्जा आपल्याला माहीत असते; टकरीनंतर मोजलेल्या सर्व कणांची ऊर्जा त्यातून वजा केली की जी कमी पडते, ती कोणत्या तरी अदृश्य कणाने नेली असे समजते. न्यूट्रिनोची कल्पना अशाच तुटीतून आली. किरणोत्सर्गी बीटा क्षयात ऊर्जेचा ताळा लागत नव्हता, म्हणून पाउली यांनी 1930 साली एक न दिसणारा कण सुचवला आणि तो प्रत्यक्ष प्रयोगात 1956 साली पकडला गेला. हिशेबातील उणेपणावरून वस्तूचे अस्तित्व ओळखणे या शास्त्राला नवे नाही, हे मुलांना अवश्य सांगा.

एम.एस्सी. (भौतिकशास्त्र), सराफ कुटुंबातील, जळगाव

सरांनी जे हिशेबाचे सांगितले, त्याला आमच्या घरातल्या कामाचा एक दाखला जोडतो, कारण माझ्या मते खरी अडचण तूट शोधण्यात नसून साधी तूट किती असते हे आधी ठाऊक असण्यात आहे.

आमच्याकडे तीन पिढ्या सोन्याचे काम आहे. कारागिराला सोने तोलून देतात आणि दागिना तयार झाल्यावर तोलून घेतात. ही दोन वजने कधीही तंतोतंत सारखी येत नाहीत. मुशीत आटवताना थोडे जाते, कानशीने घासताना कण उडतात, पॉलिशमध्ये जाते, आणि दुकानातील केरमातीसुद्धा झारेकऱ्याकडे जाते, कारण तिच्यातही सोने असते. या सगळ्याला आम्ही घट म्हणतो, आणि कोणत्या घडणावळीला किती घट येते हे माझ्या आजोबांना तोंडपाठ होते. एखाद्या दागिन्यात नेहमीच्या घटीपेक्षा जास्त वजन कमी आले तरच ते पुढची चौकशी करत. ज्याला नेहमीची घट ठाऊक नाही त्याला प्रत्येक दागिन्यात चोरी दिसेल, किंवा एकाही दागिन्यात दिसणार नाही.

कोलायडरमध्ये ही नेहमीची घट म्हणजे न्यूट्रिनो. तेही शोधकातून काही न सोडता निघून जातात आणि ते सतत तयार होत असतात. क्षीण बल वाहून नेणारा झेड बोसॉन नावाचा कण सुमारे 20 टक्के वेळा न्यूट्रिनोंच्या जोडीत मोडतो आणि ती जोडी दिसत नाही. त्याशिवाय मोजमापातील चुका आहेत: एखादा कण शोधकाच्या फटीत गेला, एखादा भाग नीट चालत नव्हता, वरून आलेला वैश्विक किरण मध्येच घुसला, की खोटी तूट दिसते. म्हणून या शोधात वर्षानुवर्षांचे श्रम नवा कण शोधण्यापेक्षा जुन्या कणांची घट मोजण्यात जातात, आणि बातम्यांत याचा उल्लेख क्वचितच येतो याचे मला वाईट वाटते.

कणभौतिकीत पीएचडी करणारा विद्यार्थी, मूळ गाव पाचोरा

जळगावच्या दादांचा दाखला मी माझ्या व्याख्यानात वापरणार आहे, त्यांची परवानगी गृहीत धरतो. धुळ्याच्या सरांच्या लिखाणात मात्र एक दुरुस्ती नम्रपणे सुचवतो, कारण मुलांच्या मनात ती सुरुवातीलाच नीट बसली तर पुढचे सगळे सोपे जाते.

प्रोटॉनच्या टकरीत एकूण ऊर्जेची वजाबाकी करता येत नाही. प्रोटॉन हा एकसंध गोळा नसून क्वार्क आणि ग्लुऑन यांचा समूह आहे, आणि प्रत्यक्ष टक्कर या समूहातील एका घटकाची दुसऱ्या प्रोटॉनमधील एका घटकाशी होते. त्या घटकाकडे प्रोटॉनच्या ऊर्जेचा कितवा हिस्सा होता, हे प्रत्येक टकरीत वेगळे असते आणि ते आपल्याला मोजता येत नाही; उरलेले तुकडे झोताच्या नळीतूनच पुढे निघून जातात. म्हणून झोताच्या दिशेतला ताळा लागत नाही. झोताला काटकोनात असलेल्या दिशांत मात्र परिस्थिती वेगळी आहे. टकरीआधी दोन्ही घटक झोताच्या रेषेतच धावत असल्यामुळे आडव्या दिशेतला संवेग जवळजवळ शून्य असतो, म्हणून टकरीनंतर सर्व कणांच्या आडव्या संवेगांची सदिश बेरीजही शून्यच आली पाहिजे. ती आली नाही, तर जेवढी आणि ज्या दिशेला कमी पडते, तेवढे आणि त्या दिशेला काहीतरी अदृश्य गेले. आम्ही ज्याला 'हरवलेला आडवा संवेग' म्हणतो तो हाच, आणि आमच्या शोधाचा जवळजवळ सगळा भार त्याच्यावर आहे.

आता यातून एक गंमत निघते, जी मला स्वतःला समजायला बराच वेळ लागला. टकरीत फक्त कृष्णद्रव्याची जोडी तयार झाली आणि बाकी काहीच नाही, तर ते दोन कण विरुद्ध दिशांनी निघून जातील, दोघांचे आडवे संवेग एकमेकांना खोडतील, आणि शोधकात काहीही दिसणार नाही, तूटसुद्धा नाही. सेकंदाला चार कोटी भेटींपैकी साधारण हजारच कायमस्वरूपी साठवल्या जातात, बाकीच्या जागच्या जागी टाकून द्याव्या लागतात, आणि ही रिकामी टक्कर त्या निवडीत टिकणारच नाही. म्हणून आम्ही अशा टकरी शोधतो, ज्यांत आदळण्यापूर्वी एखाद्या क्वार्कने वा ग्लुऑनने एक ग्लुऑन बाहेर फेकला. त्या ग्लुऑनपासून कणांचा एक झोत, म्हणजे जेट, बनतो आणि तो शोधकाच्या एका बाजूला ठळक दिसतो. समोरची बाजू रिकामी. एका बाजूला जोरदार जेट आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, अशी टक्कर पाहिली आणि ती मोजमापाची चूक नसेल, तर तिच्यात अदृश्य काहीतरी होते हे कळते. जेटऐवजी एकटा प्रकाशकण, एकटा झेड बोसॉन, एकटा हिग्ज बोसॉन (मूलभूत कणांना वस्तुमान मिळण्याशी जोडलेला कण) अशाही टकरी तपासल्या जातात.

आता दादांच्या घटीकडे येतो. एका जेटसमोर झेड बोसॉन तयार होऊन तो न्यूट्रिनोंत मोडला, तर ती टक्कर कृष्णद्रव्याच्या टकरीसारखीच हुबेहूब दिसते. एकेक टक्कर घेऊन दोन्हींत फरक करणे अशक्य आहे. पण तोच झेड बोसॉन सुमारे 3.4 टक्के वेळा म्यूऑनच्या जोडीत मोडतो आणि म्यूऑन आम्हाला उत्तम दिसतात. म्हणून म्यूऑनच्या जोडीच्या टकरी घ्यायच्या, संगणकावर त्या नोंदींतून म्यूऑन पुसून टाकायचे, आणि उरलेली टक्कर जणू न्यूट्रिनोंचीच होती असे समजून तिच्यातली तूट मोजायची. न्यूट्रिनोंचे प्रमाण म्यूऑनच्या जवळपास सहापट असल्याने त्या गुणकाने गुणले की नेहमीची घट किती येईल याचा अंदाज सिद्धांतावर फारसा विसंबून न राहता खुद्द मोजमापातूनच मिळतो. माझ्या मते या क्षेत्रात इतकी सुंदर युक्ती दुसरी नाही.

ही काळजी घेतली नाही तर काय होते याचेही उदाहरण आहे. हे यंत्र चालवणाऱ्या सर्न या युरोपीय संशोधन संस्थेच्याच यूए-1 प्रयोगाने 1983 साली डब्ल्यू बोसॉन, म्हणजे क्षीण बल वाहणारा दुसरा कण, शोधला, तो इलेक्ट्रॉन आणि त्याच्यासमोरची तूट यांवरूनच. म्हणजे पद्धत सिद्ध झालेली होती. पुढच्याच वर्षी त्या प्रयोगात एकट्या जेटसमोर मोठी तूट असलेल्या काही टकरी आढळल्या आणि नव्या कणांची चर्चा जगभर सुरू झाली. पुढे अधिक बारकाईने तपासल्यावर दिसून आले, की अनेक साध्या प्रक्रियांच्या लहान लहान घटी एकत्र मिळवल्या की त्या टकरींचा ताळा लागतो. त्या प्रयोगातील शास्त्रज्ञ निष्काळजी होते असे मुळीच नाही. प्रत्येक घट एकेकटी लहान होती, बेरीज मात्र मोठी होती.

विज्ञान शिक्षिका, सावदा

सर्वांचे मनापासून आभार. आडव्या दिशेचा मुद्दा वाचून माझीच एक जुनी चुकीची समजूत दूर झाली. पण आता दुसरा प्रश्न अधिक टोचतो आहे. समजा नेहमीच्या घटीपेक्षा जास्त तूट खरोखर सापडली आणि ती पुन्हा पुन्हा तपासूनही टिकली, तर जे निघून गेले ते तोरणमाळच्या आकाशातले तेच द्रव्य होते, असे म्हणता येईल का? आणि काहीच न सापडल्याचा अर्थ काय घ्यायचा?

भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, धुळे

दुरुस्ती पूर्णपणे मान्य आहे. एकूण ऊर्जेचा ताळा इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन यांच्या टकरीत लावता येतो, कारण त्या कणांना आत घटक नाहीत. मी दोन्ही यंत्रांची सरमिसळ केली. याच बोगद्यात 1989 ते 2000 या काळात तसे एक यंत्र होते, आणि झेड बोसॉन किती प्रमाणात अदृश्य मोडतो हे मोजून हलक्या न्यूट्रिनोंच्या जाती तीनच आहेत असे त्याने दाखवले होते.

ताईंच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर: नाही, तसे म्हणता येणार नाही, आणि हे मुलांना स्पष्ट शब्दांत सांगावे असे मला वाटते. प्रकाशाच्या वेगाने धावणारा कण टकरीच्या बिंदूपासून सर्वांत मोठ्या शोधकाच्या बाहेर पडायला साधारण 40 नॅनोसेकंद घेतो. तेवढा वेळ टिकणारा कोणताही अदृश्य कण आपल्याला तूट म्हणून दिसेल. बाहेर पडल्यानंतर लगेच तो मोडला तरी आपल्याला कळणार नाही. कृष्णद्रव्य मात्र 13.8 अब्ज वर्षे टिकून राहिलेले आहे. या दोन मुदतींमधले अंतर कोलायडर स्वतः भरून काढू शकत नाही. त्यासाठी आकाशातून आलेला, आपल्या आजूबाजूला आत्ता असलेला कण पकडावा लागतो.

असे कण आपल्या सभोवती आहेतच. सूर्याच्या परिसरातील कृष्णद्रव्याची घनता दर घन सेंटिमीटरला 0.3 गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या, म्हणजे एका प्रोटॉनच्या वस्तुमानाच्या साधारण एक तृतीयांशाच्या, आसपास आहे. कणाचे वस्तुमान प्रोटॉनच्या शंभरपट धरले, तर एक लिटरच्या तांब्यात कोणत्याही क्षणी असे तीन कण असतात, आणि सूर्य आकाशगंगेच्या केंद्राभोवती सेकंदाला सुमारे 220 किलोमीटर वेगाने फिरत असल्याने ते आपल्या सापेक्ष इतक्या वेगाने जात असतात, की धुळे-जळगाव हे अंतर ते अर्ध्या सेकंदाच्या आत कापतील. त्यातला एखादा कण द्रवरूप झेनॉनच्या अणुकेंद्रकाला धडकावा म्हणून इटलीत ग्रान सासो पर्वताखाली आणि अमेरिकेत साउथ डकोटातील जुन्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली दीड किलोमीटरवर, काही टन झेनॉन भरून वाट पाहिली जात आहे. आपल्या देशातही झारखंडमधील जादुगुडाच्या युरेनियम खाणीत 555 मीटर खोलीवर अशा कामासाठी प्रयोगशाळा उभी राहिली आहे. कोलायडरमध्ये दिसलेल्या तुटीचे वस्तुमान आणि खाणीत दिसलेल्या धक्क्याचे वस्तुमान एकच आले, तरच आपण म्हणू शकू की हे तेच द्रव्य आहे. एकाच्या साक्षीवर दुसऱ्याचा निकाल लागणार नाही.

कणभौतिकीत पीएचडी करणारा विद्यार्थी, मूळ गाव पाचोरा

सरांनी खाणींचे सांगितले म्हणून लक्षात आणून देतो, की दोन्ही मार्गांची ताकद वेगवेगळ्या जागी आहे. कृष्णद्रव्याचा कण फार हलका, प्रोटॉनइतका किंवा त्याहून कमी वस्तुमानाचा असेल, तर झेनॉनच्या जड केंद्रकाला त्याचा धक्का जाणवणारच नाही, जसा चेंडू आदळल्याने बैलगाडी हलत नाही. कोलायडरला मात्र हलका कण तयार करणे अवघड नाही. उलट कण खूप जड असेल तर तो तयार करायला आमची ऊर्जा अपुरी पडते आणि खाणीतला शोधक पुढे जातो.

मॅडमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल मला थोडे आग्रहाने लिहायचे आहे. काही न सापडणे म्हणजे काही न कळणे नव्हे, पण जे कळले ते नेहमी अटींसह सांगावे लागते आणि त्या अटी गाळल्या की विधान खोटे ठरते. दोन उदाहरणे देतो. हिग्ज बोसॉन 4 जुलै 2012 रोजी जाहीर झाला, त्याचे वस्तुमान 125 गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे. कृष्णद्रव्याला वस्तुमान हिग्जमुळे मिळत असेल आणि त्याचा कण हिग्जच्या निम्म्याहून हलका असेल, तर हिग्ज त्याच्या जोडीत मोडू शकतो. याच यंत्रावरील अ‍ॅटलास प्रयोगाने दाखवले आहे, की हिग्जचे असे अदृश्य मोडणे सुमारे 11 टक्क्यांहून जास्त असू शकत नाही; ज्ञात न्यूट्रिनोंमुळे येणारा वाटा जेमतेम 0.1 टक्का आहे, म्हणजे मधल्या जागेत अजून पुष्कळ काही लपू शकते. दुसरे उदाहरण एका जेटच्या शोधाचे. साधे द्रव्य आणि कृष्णद्रव्य यांच्यात देवघेव घडवणारा एखादा मध्यस्थ कण असेल आणि त्याची दोन्हींशी असलेली जोडणी अमुक एवढी प्रबळ असेल, असे धरले, तर अशा मध्यस्थाचे वस्तुमान सुमारे 2 टेरा-इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत नसल्याचे ठरते. जोडणी दहापट दुबळी धरली तर हीच मर्यादा कितीतरी खाली येते. वर्तमानपत्रात मथळा येतो, की अमुक वस्तुमानापर्यंत कृष्णद्रव्य नाही. 'अमुक जोडणी धरल्यास' हे शब्द त्यात नसतात.

याच मध्यस्थाबद्दल एक गोष्ट मला फार आवडते. तो क्वार्कच्या टकरीतून तयार होत असेल, तर तो पुन्हा क्वार्कमध्ये मोडू शकलाच पाहिजे. म्हणजे कृष्णद्रव्य दिसले नाही तरी दोन जेटच्या टकरींत, त्यांच्या एकत्रित वस्तुमानाच्या आलेखावर, एक उंचवटा दिसला पाहिजे. अदृश्याचा शोध येथे पूर्णपणे दृश्य कणांतून घेता येतो, आणि तोही शोध चालू आहे.

आता आमच्यातील अनेकांचा कल जेट-तुटीच्या पलीकडे वळला आहे. टकरीच्या बिंदूपासून 480 मीटर दूर, झोताच्या सरळ रेषेत, फेझर नावाचा एक लहान शोधक ठेवलेला आहे. बराच वेळ टिकून मग मोडणारे हलके कण तेथे पकडता येतील अशी आशा आहे, आणि 2023 साली त्याने कोलायडरमध्ये तयार झालेले न्यूट्रिनो पहिल्यांदा प्रत्यक्ष नोंदवले. ज्याला दादा घट म्हणतात तीच वस्तू तेथे हाती लागली. तसेच मुलांना हेही सांगायला हरकत नाही, की कृष्णद्रव्य अ‍ॅक्सिऑनसारख्या अतिशय हलक्या कणांचे असेल तर ते जेट आणि तुटीच्या या पद्धतीने सापडणार नाही, त्यासाठी प्रबळ चुंबकक्षेत्रातल्या पोकळ्यांचे अगदी निराळे प्रयोग आहेत.

निवृत्त रेल्वे अभियंता, भुसावळ

चर्चा वाचून फार समाधान वाटले. सिद्धांतातले मला सगळे कळते असे नाही, पण यंत्राचे कळते, म्हणून एक भर घालतो. त्या 27 किलोमीटरच्या बोगद्यात प्रत्येक मुख्य चुंबक 15 मीटर लांब आणि सुमारे 35 टन वजनाचा आहे, आणि तो रेषेत बसवण्यासाठी खालून ज्या आधारांवर तोलला जातो, ते सात हजारांहून अधिक जॅक भारतातून गेले. त्या कामाचे सूत्रसंचालन इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राने केले. शिरपूर-सेंधवा रस्त्याने आपण सहज जातो ते इंदूर. आयुष्यभर रुळांच्या समपातळीचे काम केलेल्या माणसाला 35 टनांचा बोजा मिलिमीटरच्या अंशांत सरकवणे म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने याच यंत्रावरील सीएमएस शोधकाच्या बाहेरच्या ऊर्जामापक थराच्या उभारणीत काम केले, आणि तो थर बाहेर पळू पाहणारी ऊर्जा पकडण्यासाठीच आहे, म्हणजे खोटी तूट कमी करण्यासाठी. भारत 2017 पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे. आपल्या मुलांना हे काम परक्यांचे वाटू नये, एवढ्यासाठी लिहिले.

विज्ञान शिक्षिका, सावदा

नाना, हे मी वर्गात नक्की सांगेन. सर्वांच्या उत्तरांवरून एक उपक्रम सुचला आहे. पुठ्ठ्याचे वेगवेगळ्या लांबीचे बाण कापून प्रत्येक गटाला एकेका टकरीतल्या कणांचे आडवे संवेग म्हणून द्यायचे, आणि एकाचे टोक दुसऱ्याच्या शेपटीला जोडत ते फळ्यावर लावायला सांगायचे. आकृती बंद झाली तर सगळे कण हाती लागले. बंद झाली नाही तर उरलेली फट मोजायची. काही गटांच्या पाकिटांतून मी एक बाण आधीच काढून ठेवीन. हे बरोबर आहे का?

कणभौतिकीत पीएचडी करणारा विद्यार्थी, मूळ गाव पाचोरा

अगदी बरोबर आहे, मॅडम. फक्त दोन बदल करा. सगळ्याच बाणांची लांबी थोडी थोडी चुकीची कापा, म्हणजे कोणतीच आकृती तंतोतंत बंद होणार नाही आणि किती फट साधी समजायची हे मुलांना आधी ठरवावे लागेल. आणि ज्या पाकिटांतून बाण काढाल, त्यांतल्या बहुतेकांवर मागे लहान अक्षरांत 'न्यूट्रिनो' लिहून ठेवा. अकरावी-बारावीची मुले असतील तर सर्नने 2014 पासून सीएमएसच्या खऱ्या टकरींच्या नोंदी सर्वांसाठी खुल्या केल्या आहेत. त्यातली म्यूऑनच्या जोडीची एक छोटी फाईल मी तुम्हाला उघडून दाखवू शकेन. दिवाळीत मी पाचोऱ्याला येणार आहे, शाळेला चालत असेल तर एक दिवस सावद्याला येतो.